विश्लेषण : ‘टुमारो ओन्ली’ म्हणजे उद्याच, की उद्यापर्यंत नाहीच? इंग्रजीतला हा छोटा शब्द मराठी माणसाला नेमका कुठे फसवतो?

‘द फिक्स विल गो लाइव्ह टुमारो ओन्ली.’ एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मी हे वाक्य इंग्लंडमधल्या एका क्लायंटला ईमेलवर पाठवलं. इंजिनीअरिंग संपवून पुण्यात नोकरीला लागून तेव्हा मला जेमतेम आठ महिने झाले होते. त्यांच्या वेबसाइटवरचं पेमेंटचं पान मध्येच अडकत होतं. दुरुस्ती झाली होती, टेस्टिंग उरलं होतं. एरवी असं काम सोमवारवर गेलं असतं, पण आमची टीम रात्री थांबायला तयार होती. त्यामुळे मला मोठ्या उत्साहाने सांगायचं होतं, की सोमवारची वाट बघू नका, आम्ही उद्याच देतो.

वीस मिनिटांत उत्तर आलं. ‘व्हाय ओन्ली टुमारो?’ सीसीमध्ये माझ्या मॅनेजरचा मॅनेजर. क्लायंटने माझं वाक्य असं वाचलं होतं, की उद्यापर्यंत काहीही होणार नाही, काय करायचं ते करा. मी दिलेली चांगली बातमी त्यांच्यापर्यंत उद्धट नकार होऊन पोहोचली होती. त्या रात्री एक कॉल झाला, एक माफीचा मेल गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती ठरल्याप्रमाणे लाइव्ह झाली. कोडमध्ये एकही चूक निघाली नाही. चूक एका शब्दात होती आणि तो शब्द मी पाचवीपासून वापरत आले होते.

आता पत्रकारितेत आल्यावरही हा शब्द पाठ सोडत नाही. ऑफर, नोटीस, चेक, परीक्षेची सूचना, भाडेकरार, सगळीकडे ‘ओन्ली’ आहे. तो नेमकं काय करतो आणि आपण मराठी माणसं त्याला कामाला लावताना कुठे गडबडतो, ते पाहू.

‘ओन्ली’चं मूळ काम काय?

या शब्दात ‘वन’ म्हणजे एक लपलेला आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘एकासारखा’, ‘एकटा’ अशा अर्थाने तयार झाला. ‘अलोन’ हा शब्दही ‘ऑल’ आणि ‘वन’ मिळून झाला आहे आणि ‘लोनली’ त्याच घरातला. म्हणजे ‘ओन्ली’, ‘अलोन’ आणि ‘लोनली’ ही एकाच ‘वन’ची पोरं. ‘ओन्ली चाइल्ड’ला आपण ‘एकुलता एक’ म्हणतो, तिथेही तो ‘एक’ दिसतोच.

क्रियाविशेषण म्हणून ‘ओन्ली’ वाक्यात कुंपण घालतो. आत एक गोष्ट ठेवतो आणि त्या जागी येऊ शकल्या असत्या अशा बाकी सगळ्या गोष्टी बाहेर काढतो. ‘ओन्ली रवी केम’ म्हटलं, की रवी आला एवढंच कळत नाही. बाकीचे आले नाहीत हेही कळतं. वाक्यात न उच्चारलेल्या माणसांबद्दलही हा शब्द काहीतरी सांगून जातो. गैरसमज होतात ते नेमके या न उच्चारलेल्या भागात.

जागा बदलली की अर्थ बदलतो, तो कसा?

एक साधं वाक्य घेऊ. ‘आय सेंट द बिल टू रवी ऑन मंडे.’ मी सोमवारी रवीला बिल पाठवलं. आता ‘ओन्ली’ एकेका जागी ठेवून बघा. सुरुवातीला ठेवला, ‘ओन्ली आय सेंट द बिल’, तर बिल पाठवणारी मी एकटी. ‘बिल’च्या आधी ठेवला, तर बिल तेवढं गेलं, सोबत पावती वगैरे काही नाही. ‘टू रवी’च्या आधी ठेवला, तर रवीलाच गेलं, त्याच्या भागीदाराला नाही. ‘ऑन मंडे’च्या आधी ठेवला, तर सोमवार उजाडेपर्यंत गेलंच नव्हतं.

उरली क्रियापदाच्या आधीची जागा, ‘आय ओन्ली सेंट द बिल टू रवी ऑन मंडे’. इंग्रजी बोलणारी माणसं सर्वात जास्त हीच जागा वापरतात आणि सर्वात मोघम जागाही हीच. इथून ‘ओन्ली’ आपल्या उजवीकडच्या कशालाही धरू शकतो. पाठवलं फक्त, पैसे मागितले नाहीत? की बिलच पाठवलं? की रवीलाच? की सोमवारीच? बोलताना अडचण येत नाही, कारण ज्या शब्दावर जोर पडतो त्याला ‘ओन्ली’ चिकटतो. ‘रवी’ जोरात म्हटलं की रवी, ‘मंडे’ जोरात म्हटलं की सोमवार. ईमेलमध्ये आवाज नसतो.

यावर इंग्रजांचं आपसात भांडण जुनं आहे. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात आग्रह धरला, की ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू होतो त्याच्या अगदी शेजारी बसला पाहिजे. पुढे शाळामास्तरांनी हा नियम पोरांच्या डोक्यात पक्का बसवला. मग १९२६ मध्ये हेन्री फाउलर यांनी ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ या आपल्या कोशात या शिस्तखोरांना फटकारलं. वाचणाऱ्याचा गोंधळ होत नसेल तर ‘ओन्ली’ त्याच्या नेहमीच्या जागी, क्रियापदाजवळ, सुखाने बसू द्या, असं त्यांचं म्हणणं. मला फाउलर पटतात, पण अर्धेच. गोंधळ होणार नाही हे ठरवणार कोण? लिहिणाऱ्याला आपलं वाक्य नेहमीच स्पष्ट वाटतं. मलाही ‘टुमारो ओन्ली’ स्पष्टच वाटलं होतं.

मग शेवटी ‘ओन्ली’ लावायची सवय आपल्याला कुठून लागली?

मराठीतून. आणखी नेमकं सांगायचं तर ‘च’मधून.

मराठीत ही कुंपणं घालायला दोन साधनं आहेत. ‘फक्त’, ‘केवळ’, ‘नुसतं’ हे शब्द नेमायच्या शब्दाच्या आधी येतात. ‘च’ त्या शब्दाच्या मागे येऊन त्याला चिकटतो. दोन्ही एकदम वापरायलाही आपली ना नाही. ‘फक्त सोमवारीच’. वेबसाइटचं कोड लिहिलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. ‘फक्त’ हा उघडणारा टॅग, ‘च’ हा बंद करणारा टॅग आणि मध्ये ‘सोमवारी’. काय कुंपणात आहे, कुठे सुरू होतं, कुठे संपतं, सगळं स्वच्छ. इंग्रजी ‘ओन्ली’ला बंद करणारा टॅग नाही, म्हणून तो कुठवर पोहोचतो ते शोधत बसावं लागतं.

आपण इंग्रजी बोलतो तेव्हा डोक्यात ‘च’ असतो आणि तोंडातून ‘ओन्ली’ येतो, तोही ‘च’च्याच जागी, म्हणजे शब्दाच्या मागे. ‘मी त्यालाच सांगितलं’चं होतं ‘आय टोल्ड हिम ओन्ली’. ‘आत्ताच आले’चं होतं ‘नाउ ओन्ली आय केम’. ‘इथेच थांब’ म्हणजे ‘वेट हिअर ओन्ली’.

अडचण अशी, की ‘च’ एकटा माणूस असून पाच-सहा नोकऱ्या करतो. ‘मीच गेले होते’ यात तो बाकीच्यांना वगळतो, तिथे ‘ओन्ली’ किंवा ‘अलोन’ बरोबर बसतं. पण ‘तोच माणूस’ म्हणताना वगळायचं काही नसतं, ओळख पटवायची असते. इंग्रजीत तिथे ‘द सेम मॅन’ किंवा ‘द व्हेरी मॅन’ येतं. ‘आत्ताच’ला ‘जस्ट नाउ’ लागतं. ‘मी जाणारच’ यात निश्चय आहे, तिथे ‘डेफिनेटली’ किंवा नुसता आवाजातला जोर. ‘नाहीच जमलं’ला ‘ॲट ऑल’. आणि ‘आलेच हं’ म्हणताना तर आपण अजून निघालेलोही नसतो. त्याचं इंग्रजी करायच्या फंदात पडू नये. या सगळ्या ठिकाणी आपण एकच ‘ओन्ली’ ठोकतो आणि ऐकणारा परदेशी माणूस प्रत्येक वेळी कोणाला वगळलं ते शोधत राहतो.

ही सवय एकट्या मराठीची नाही. हिंदीत ‘ही’ आहे, तमिळमध्ये ‘तान्’ आहे, गोव्याच्या कोंकणीत तर आपल्यासारखाच ‘च’ आहे. सगळे शब्दाच्या मागे येतात. त्या गुरुवारच्या प्रकरणानंतर मला धीर दिला तो टीममधल्या कोइंबतूरच्या सीनिअरने. ती म्हणाली, ‘माझ्या मेलमध्ये आधी तान् असायचा, तुझ्यात च आहे, एवढाच फरक.’ दक्षिण असो की उत्तर, भारतभर हा ‘ओन्ली’ एकाच जागी का सापडतो याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

‘यस्टरडे ओन्ली’ चालतं, मग ‘टुमारो ओन्ली’ का अडतं?

हा या सगळ्या विषयातला सर्वात घातक कोपरा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

‘ओन्ली’ वगळण्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगतो, की अपेक्षेपेक्षा कमी. ‘ओन्ली फाइव्ह पीपल केम’ म्हणजे पाचच आले, जास्त यायला हवे होते. हाच हिशेब वेळेला लागतो. भूतकाळात ‘ओन्ली यस्टरडे’ म्हटलं की मध्ये गेलेला वेळ कमी. कालच तर आला, अजून बॅगही उघडली नाही. मराठी ‘कालच’ इथे अगदी फिट बसतो. त्यामुळे ‘ही केम यस्टरडे ओन्ली’ इंग्रजाला कानाला विचित्र वाटलं तरी अर्थ पोहोचतो.

भविष्यात मात्र काटा उलटा फिरतो. ‘ओन्ली टुमारो’ किंवा ‘ओन्ली ऑन फ्रायडे’ म्हटलं, की त्या वेळेच्या आधीच्या सगळ्या वेळा कुंपणाबाहेर जातात. आज नाही, आत्ता नाही. उद्या उजाडल्याशिवाय नाही. इंग्रजीत याला ‘नॉट अंटिल टुमारो’ म्हणतात आणि त्यात उशिराचा सूर असतो. मला ‘उद्याच’मधून म्हणायचं होतं ‘इतक्या लवकर’. त्यांनी वाचलं ‘इतक्या उशिरा’. तारीख तीच, अर्थ दोन टोकांचे.

मराठीलाही इथे अगदी निर्दोष सोडता येत नाही. दुकान बंद झाल्यावर ‘आता दूध उद्याच मिळेल’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘उद्याच’चा अर्थ क्लायंटने काढला तोच असतो. आणि ‘सोमवारपर्यंत कशाला, उद्याच देतो’ म्हणतो, तेव्हा अर्थ माझा असतो. ‘च’ दोन्हीकडे तोच. अर्थ ठरतो तो ‘आता’, ‘कशाला’ अशा शेजारच्या शब्दांवरून, आवाजावरून आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून. माझ्या मेलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

हे इंग्रजी ‘चुकीचं’ आहे का?

कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंटच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ मी म्हटलं, ‘आय ॲम फ्रॉम सांगली ओन्ली.’ समोरच्या तिघांपैकी एक जण हसला. मुलाखत सांगलीतच चालली होती आणि मला एवढंच सांगायचं होतं, की मी इथलीच, बाहेरून आलेली नाही. त्या हसण्याने पुढची दहा मिनिटं माझ्या तोंडून धड वाक्य निघालं नाही. मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलामुलींकडे अशी एखादी आठवण असते.

भाषाशास्त्रज्ञ हसत नाहीत, ते मोजतात. जर्मन अभ्यासक क्लाउडिया लांगे यांनी भारतीयांच्या बोलण्यातल्या इंग्रजीच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये ‘द सिंटॅक्स ऑफ स्पोकन इंडियन इंग्लिश’ हे पुस्तक लिहिलं. त्यात ‘ओन्ली’ आणि त्याचा जुळा भाऊ ‘इटसेल्फ’ यांचा विचार आहे, कारण ‘टुमारो इटसेल्फ’ हेसुद्धा ‘उद्याच’चंच भाषांतर. आपला शेवटी येणारा ‘ओन्ली’ वगळायचं काम करतोच असं नाही. पुष्कळदा तो नुसता एका शब्दावर उजेड टाकतो. भारतीय इंग्रजीवर लिहिणारे राकेश भट्ट यांनीही हा ‘ओन्ली’ वाटेल तसा टाकलेला नसून त्यामागे व्याकरण आहे, अशी मांडणी केली आहे.

बाजाराने तर हा ‘ओन्ली’ कधीच स्वीकारला. रमा बिजापूरकर यांनी २००७ मध्ये भारतीय ग्राहकावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचं नावच ‘वी आर लाइक दॅट ओन्ली’ आहे. आम्ही असेच आहोत. यातला ‘असेच’ ज्याला ऐकू आला त्याला पुस्तकाचा सूर कळला. त्याच्याही आधी मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत निरोप समारंभात बोलणाऱ्या एका माणसाचं इंग्रजी हुबेहूब पकडलं. त्यात हा मागून येणारा ‘ओन्ली’ आहे. इझिकेल बेने इस्रायली कुटुंबातले. वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवादही केले. त्या कवितेत चेष्टा किती आणि माया किती, यावर अजूनही वाद होतात. मला वाचताना दोन्ही दिसतात.

तेव्हा ‘वेट हिअर ओन्ली’ हे दादरच्या मित्राला किंवा चेन्नईच्या सहकाऱ्याला म्हटलं तर ते चूक नाही, तो आपला आपसातला करार आहे. मँचेस्टरच्या माणसाने त्या करारावर सही केलेली नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चेकवर ‘ओन्ली’ का लिहितात?

इथे हा शब्द थेट पैशाला हात घालतो. ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ असं आपण लिहितो, मराठीत चेक लिहिणारे ‘पाच हजार फक्त’ किंवा ‘पाच हजार मात्र’ लिहितात. हे न लिहिल्याने चेक बाद होतो असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, ज्याला सगळे ‘एनआय ॲक्ट’ म्हणतात, ‘ओन्ली’ची अट नाही. मग लिहायचं कशाला? कारण त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं, की आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल तर अक्षरातली खरी धरायची. म्हणजे अक्षरांच्या ओळीत कोणी काही घुसवलं तर ते महागात पडतं. ‘फाइव्ह थाउजंड’च्या पुढे जागा मोकळी असेल, तर तिथे ‘नाइन हंड्रेड’ सहज बसतं. ‘ओन्ली’ लिहून पुढे रेघ मारली, की ती वाट बंद.

इंग्लंडमध्ये १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला गेला होता, लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन अँड आर्थर. कंपनीच्या कारकुनाने किरकोळ खर्चासाठी २ पौंडांचा चेक मालकांपैकी एकापुढे सहीला ठेवला. आकड्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली होती आणि अक्षरांची ओळ कोरीच होती. घाईत सही झाली. कारकुनाने २ च्या आधी १ आणि नंतर ० घातला, कोऱ्या ओळीत एकशे वीस पौंड लिहिलं, पैसे उचलले आणि पसार झाला. तोटा कोणाचा? न्यायालय म्हणालं, ग्राहकाचा. चेक निष्काळजीपणे लिहिला तर त्याचं खापर बँकेवर फोडता येणार नाही.

या खटल्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे फसवणूक दोन्ही बाजूंनी झाली, आकड्याच्या आधी आणि नंतर. ‘ओन्ली’ हा शेवटचं दारच लावतो. पुढचं दार लावायचं असेल तर ‘रुपीज’ला अगदी चिकटून लिहायला सुरुवात करायची. आता चेकवर खाडाखोड चालत नाही आणि १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार रुपये आणि त्याहून मोठ्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे, ज्यात चेकचा तपशील आपण बँकेला आधीच कळवू शकतो. पण मोकळ्या जागेत नव्याने लिहिलेला शब्द ही खाडाखोड दिसतच नाही. म्हणून ‘ओन्ली’ लिहाच.

‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यात फरक काय?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हा फरक कळला आणि तेव्हापासून नोटीस बोर्ड वाचायची पद्धतच बदलली. समजा नोटीस आहे, हजेरी ७५ टक्के असेल ‘ओन्ली इफ’ परीक्षेला बसता येईल. एखाद्याची हजेरी ७६ टक्के भरली. त्याला बसता येईलच का? नाही! नोटीस फक्त एवढंच म्हणते, की ७५ च्या खाली असाल तर विषय संपला. वर असाल तर टर्मवर्क, फी, आणखी काय काय अटी असू शकतात. ‘इफ’ हमी देतो, ‘ओन्ली इफ’ नुसती अडवणूक करतो. दोन्ही एकत्र आले, ‘इफ अँड ओन्ली इफ’, तरच हमी आणि अडवणूक दोन्ही मिळतात. गणितात तो इतक्यांदा लागतो, की एक जादा ‘एफ’ जोडून त्याचा ‘आयएफएफ’ केला गेला. हा संक्षेप जॉन केली यांच्या १९५५ च्या ‘जनरल टोपॉलॉजी’ या पुस्तकात छापला गेला आणि त्याचं श्रेय पॉल हाल्मोस या गणितज्ञाला दिलं जातं.

मराठीत याला ‘जर आणि तरच’ म्हणतात. ‘तर’ हमीचा, ‘तरच’ अडवणुकीचा. इंग्रजीला एक पूर्ण शब्द लागतो तिथे आपलं एका अक्षरात भागतं.

ग्राहक म्हणून हे उपयोगी आहे. ‘रिफंड ओन्ली इफ कॅन्सल्ड २४ अवर्स बिफोर’ असं लिहिलेलं असतं तेव्हा २४ तास आधी रद्द केलं म्हणजे पैसे मिळणारच, असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नसतं. बोलीभाषेत सगळे तसंच समजतात आणि अटी लिहिणाऱ्याला तेच हवं असतं, अशी मला दाट शंका आहे. भाडेकरारात डिपॉझिटच्या कलमाजवळ हा शब्द दिसला तर सही करण्याआधी विचारा, की ही अट पूर्ण केल्यावर आणखी काय काय करावं लागेल?

‘ओन्ली’चे आणखी चेहरे

एक चेहरा ‘पण’चा आहे. ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो मनी.’ आले असते, पण पैसे नाहीत. इथे ‘ओन्ली’ कुणालाही वगळत नाही, वाक्याला वळण देतो. हे वाचून चकित व्हायचं कारण नाही, कारण आपला ‘मात्र’ हेच करतो. चेकवर ‘पाच हजार मात्र’ म्हणजे फक्त. आणि ‘तो आला, मात्र बोलला नाही’ म्हणजे पण. दोन अनोळखी भाषांत एकाच शब्दाने हीच दोन कामं उचलावीत, हे मला या लेखाची तयारी करताना सर्वात आवडलेलं.

दुसरा ‘ओन्ली टू’. ‘ही रॅन टू द स्टेशन ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन.’ याचं ‘फक्त गाडी गेलेली पाहण्यासाठी तो धावला’ असं भाषांतर आमच्या डेस्कवर एजन्सीच्या बातम्यांत महिन्यातून एकदा तरी येतं आणि ते वाचून कोणालाही त्या माणसाची काळजी वाटावी. मराठीत म्हणायचं, ‘धावत स्टेशन गाठलं, बघतो तर काय, गाडी गेलेली.’ ‘इफ ओन्ली’ला ‘असतं तर’ पुरतो. ‘ओन्ली टू हॅपी’ म्हणजे फक्त दोघं आनंदी नव्हे, ‘आनंदच आहे’.

मग मेलमध्ये लिहायचं काय?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मराठीत मनात ‘च’ आला, की इंग्रजी टाइप करण्याआधी तो कुठल्या नोकरीवर आहे ते स्वतःला विचारायचं. वगळायचं असेल तर ‘ओन्ली’ ठेवा, पण ज्याला लागू आहे त्याच्या आधी. ‘आत्ताच’ असेल तर ‘जस्ट’. आणि भविष्यातली वेळ असेल तर ‘ओन्ली’ला हातच लावू नका. लवकर म्हणायचं तर ‘बाय टुमारो’ किंवा ‘ॲज अर्ली ॲज टुमारो’, उशीर होणार हे सांगायचं तर सरळ ‘नॉट बिफोर टुमारो’. मी आता मेलमध्ये तारीख आणि वेळ घालते, क्रियाविशेषण घालत नाही. मराठी बातम्यांच्या मथळ्यातही हाच घोळ होतो. ‘फक्त महिलांना सोमवारी सवलत’ आणि ‘महिलांना फक्त सोमवारी सवलत’ यातला चुकीचा मथळा मी एकदा पुश नोटिफिकेशनमध्ये पाठवला होता. दुरुस्त करेपर्यंत अकरा मिनिटं गेली आणि खालच्या प्रतिक्रियांत पुरुष वाचकांनी जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

हा लेख लिहीत असताना सांगलीहून आईचा फोन आला. गॅस संपला होता. एजन्सीवाला म्हणाला होता, ‘सिलिंडर उद्याच येईल.’ मी विचारलं, ‘म्हणजे लवकर येतोय, की उद्यापर्यंत येणारच नाही?’

‘उद्याच म्हणजे उद्याच,’ आई म्हणाली. ‘आणि स्वयंपाक झालाय माझा. तू जेवलीस का ते सांग.’